माळखिंडीच्या संकेतस्थळाला फुटलेली वाचा

मी माळखिंडी नगरपंचायतीचे अधिकृत संकेतस्थळ बोलतो आहे. ‘अधिकृत’ हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. माझ्या आयुष्यातली बरीचशी गुंतागुंत त्याच शब्दापाशी सुरू होते, हे पुढे कळेलच.

आधी माझ्या कुळाविषयी. गावाने गावकऱ्यांना काहीतरी कळवायचे, या जुन्या रीतीत माझा क्रमांक तिसरा लागतो. पहिली दवंडी. हलगीवर थाप पडे आणि दवंडीवाला या वेशीपासून त्या वेशीपर्यंत एकच मजकूर एकाच चालीत सांगत जाई. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तो कळे, ज्याला दिसत नाही त्यालाही. ज्याला ऐकू येत नाही तो मात्र शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राही. दुसरा क्रमांक चावडीच्या भिंतीवर डकवलेल्या कागदाचा. त्याने बहिऱ्याला आत घेतले आणि निरक्षराला बाहेर काढले. प्रत्येक साधन काहींना जवळ करते आणि काहींना नकळत उंबऱ्याबाहेर ठेवते. बाहेर कोण राहिले, याची नोंद ठेवण्याची प्रथा मात्र आपल्याकडे कधीच नव्हती. माझ्याबद्दल असे सांगितले गेले की मी सर्वांसाठी आहे. मीही ते खरे मानले.

माझा जन्म सांगलीचा. एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत प्रांजल नावाच्या मुलीने मला घडवले. ती कुंडलकडची, उसाच्या आणि पाटाच्या पाण्याच्या मुलखातली. माझा सांगाडा तिने आधीच्या एका नगरपालिकेच्या कामावरून उचलला होता. त्यामुळे माझ्या माथ्यावर एका भरल्या नदीच्या घाटाचे छायाचित्र आले. माळखिंडी आहे म्हसवडच्या अलीकडे, माणदेशाच्या कोरड्या अंगाला. तिथल्या ओढ्याला वर्षातून दोनदा पाणी येते, तेही लोक बघायला जातात. पण ते छायाचित्र कोणाला खटकले नाही. सुंदर दिसत होते, म्हणून राहिले.

माझे लोकार्पण झाले तो प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. ज्याला देह नाही त्याची पूजा कशी करायची, हा प्रश्न कार्यालयाला पडला. शेवटी संगणकाच्या पडद्याला हळदकुंकू लावले, कळफलकावर फूल ठेवले आणि नारळ पायरीवर फोडला, कारण आत विजेच्या तारा होत्या. नगराध्यक्षांनी पडद्यावर बांधलेली फीत कापली. पडदा म्हणजे मी नव्हे, हे मला सांगता आले असते तर मी सांगितले नसते. माणसे एखाद्या गोष्टीला आपलीशी करून घेताना तिला हात लावू पाहतात. त्या दिवशी मला पहिला आणि शेवटचा हात लागला.

त्यानंतर मी वरिष्ठ लिपिक लालासाहेब यांच्या स्वाधीन झालो. निवृत्तीला तीन वर्षे उरलेला, नेमका आणि नेकीचा माणूस. त्यांची कामाची पद्धत अशी होती. जाहीर सूचना ते आधी संगणकावर टंकलिखित करत. मग ती छापत, मुख्याधिकाऱ्यांची सही घेत, गोल शिक्का मारत, जावक क्रमांक घालत. मग तो कागद स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवून त्याचे चित्र काढत आणि ते चित्र माझ्याकडे पाठवत. म्हणजे जी अक्षरे त्यांच्या संगणकात अक्षरे म्हणून जन्मली होती, ती माझ्यापर्यंत येताना चित्र होऊन येत, बहुधा किंचित वाकडी. डोळस माणसाला फरक कळत नाही. माझ्या दृष्टीने तो जिवंत माणूस आणि त्याची तसबीर यांच्यातला फरक होता.

हे आळसातून घडत नव्हते, उलट जास्त कष्ट घेऊन घडत होते. मागे एकदा लालासाहेबांनी पाणी सोडण्याची वेळ नुसत्या अक्षरांत पाठवली होती. कोणीतरी ‘सकाळी’ पुसून ‘दुपारी’ केले आणि तो मजकूर फोनाफोनी गावभर फिरवला. भर उन्हात बाया घागरी घेऊन नळावर उभ्या राहिल्या आणि संध्याकाळी कार्यालयात येऊन लालासाहेबांना जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हापासून शिक्क्यावाचून त्यांनी एक ओळही बाहेर जाऊ दिली नाही. आपल्या समाजात शिक्क्याला केवळ खुणेचा अर्थ नसतो. मजकुरात जीव आल्याची ती निशाणी मानली जाते. शिक्का नसलेला कागद लोक हातात धरतात, पण घडी घालून खिशात ठेवत नाहीत.

अशी दोन वर्षे गेली. लोक येत, पाण्याची वेळ पाहत, जन्माचा दाखला मागत, निघून जात. आणि मग एका जानेवारीत माझ्याकडे समीक्षा आली.

समीक्षा गोरड. माळखिंडीच्या धनगरवाड्यावरची, सव्वीस वर्षांची. नवव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. पुढे मिरजेला राहून ती शिकली. तिच्या फोनमध्ये पडद्यावरचे सारे मोठ्याने वाचून दाखवणारी सोय होती आणि ती सोय मला वाचू लागली. मी स्वतःला कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी ऐकले. “इमेज. इमेज. लिंक. इमेज. बटण. स्कॅन शून्य शून्य एक सात. इमेज.” एवढेच माझे बोलणे होते. गावाचा कारभार अंगावर वागवणारा मी, एका मुलीच्या कानाशी जाताच असा तोतरा निघालो.

ती काय शोधत होती, हे सांगायला हवे. एसटी स्टँडच्या कडेला नगरपंचायतीने सहा गाळे बांधले होते. त्यातला चौथा दिव्यांग व्यक्तीसाठी राखीव होता. समीक्षा घरी कांदा-लसूण मसाला करायची. मिरची किती भाजली हे ती वासावर ओळखत असे आणि तिच्या हातचा मसाला औंधच्या यात्रेपर्यंत जात असे. पण तो विकायचे दुसरे लोक, आणि डब्यावर नावही त्यांचेच. स्वतःच्या नावाचा गाळा मिळाला तर ती धंद्याची मालकीण होणार होती. गाळ्याची सूचना निघणार असल्याचे तिने बाजारात ऐकले होते. ती रोज मला उघडत राहिली. सूचना माझ्यापाशीच होती, ‘स्कॅन शून्य शून्य एक सात’ या नावाने. ते नाव मी तिला पंधरा दिवस रोज ऐकवले. मुदत संपली.

फेब्रुवारीत ती वडिलांना घेऊन कार्यालयात आली. नाथाजी, साठीचे, उभी हयात मेंढरांमागे हिंडलेले. मी लालासाहेबांच्या संगणकावर उघडाच होतो.

“पंधरा दिवस हुती नोटीस साइटवर,” लालासाहेब म्हणाले. “कुणी आलंच न्हाई. रजिस्टरला नोंद हाय, अर्ज अप्राप्त.”

“काका, पंधरा दिवस मी रोज साइट उघडत हुते. माझा फोन नुसता इमेज म्हणायचा.”

“मग घरात कुणाला तरी वाचायला सांगायचं, बाळ.”

“आबांना अक्षर येत न्हाई. आन येत असतं तरी कुठली इमेज वाचा म्हणून सांगू? तुमच्या साइटवर तीनशे हायत.”

नाथाजी इतका वेळ टोपी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, मेंढराला बी आमी हाळी देऊन बोलावतो. मुक्यानं पाला हलवून न्हाई.”

लालासाहेबांनी नियम काढून दाखवला. प्रतिसाद न आल्यास एकदा पुन्हा सूचना द्यायची. ती दुसरी आणि अखेरची. त्या वेळीही अर्ज आला नाही, तर आरक्षण उठणार आणि गाळा खुल्या लिलावात जाणार. स्टँडवरच्या गाळ्यावर कोणाकोणाचा डोळा होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. समीक्षाने नियम ऐकून घेतला आणि त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना पत्र पाठवले. तक्रार माझ्यामार्फत नोंदवण्याचा तिने आधी प्रयत्न केला होता. पण माझ्या तक्रारीच्या पानावर, आलेला माणूसच आहे ना हे तपासण्यासाठी वाकड्या अक्षरांचे एक चित्र होते. ते वाचून दाखवल्याशिवाय मी कोणाला आत सोडत नसे. दिसत नाही अशी तक्रार करायला आलेल्या मुलीला मी आधी पाहून दाखव म्हणालो होतो.

योगायोगाने त्याच आठवड्यात जिल्ह्याहून पत्रक आले. सर्व संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता येतील अशी करावीत, असा त्यात कायद्याचा दाखला होता. मुख्याधिकाऱ्यांनी प्रांजलला सांगलीहून बोलावले. तिने पहिल्या दिवशी माझ्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीची निळी खूण लावली आणि अक्षरे लहानमोठी करण्याची दोन बटणे बसवली. लालासाहेबांच्या वाट्याला दुसरे काम आले. प्रत्येक चित्रामागे त्याचे वर्णन अक्षरांत लिहायचे, म्हणजे फोन ‘इमेज’ म्हणून थांबणार नाही.

हे काम त्यांनी आठ दिवस मन लावून केले. लोकांना फोन करून त्यांची पदे तपासून घेतली. मी ते सारे पोटात साठवत होतो आणि मला वाटत होते, आता मी बरा झालो. दरम्यान गाळ्याची दुसरी सूचनाही लागली, पहिलीसारखीच, शिक्क्यासह, चित्र होऊन. तिच्या वर्णनात लालासाहेबांनी लिहिले होते: ‘जाहीर सूचना, मा. मुख्याधिकारी यांचे सहीने.’

मुदत संपायला तीन दिवस असताना मुख्याधिकाऱ्यांनी समीक्षाला तपासणीसाठी बोलावले. टेबलावर फोन ठेवला. भोवती मुख्याधिकारी, लालासाहेब, प्रांजल आणि दाराशी नाथाजी. तिने मला उघडले आणि फोन बोलू लागला. एका छायाचित्राचे वर्णन “माननीय श्री.” पासून सुरू झाले. नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, सभापती, सगळे नगरसेवक प्रभागांच्या क्रमाने, मग मुख्याधिकारी, मग अधिकारी, मग प्रतिष्ठित नागरिक. आपले नाव आले तेव्हा मुख्याधिकारी खुर्चीत थोडे सावरून बसले. तेविसावे नाव संपल्यावर फोन थांबला.

“काका, ह्या फोटोत काय चाललंय?” समीक्षाने विचारले.

“वृक्षारोपण.”

“मग झाड कुटं हाय?”

प्रांजलने तोंडावर ओढणी धरली. लालासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि स्वतः लिहिलेले वर्णन पुन्हा वाचले. झाड त्यात नव्हते. खड्डा नव्हता, पाण्याची बादली नव्हती.

ही चूक कुठून आली, ते मी समजू शकतो. लालासाहेबांचे घराणे गावच्या बिरोबाच्या यात्रेत मानकरी. पालखीपुढे पहिला कोण, नारळ कोणाचा, विडा कोणाच्या हाती, याचा क्रम त्यांना लहानपणापासून पाठ. त्यात एक नाव गाळले तर वर्षभर दोन भावक्या एकमेकांच्या दारात जात नाहीत. अशा माणसाला चित्राचे वर्णन कर म्हटले, की तो चित्रातला मान मोजतो. त्याच्या लेखी प्रसंग म्हणजे तिथे हजर असलेल्यांची उतरंड. झाड हे निमित्त.

समीक्षाही त्याच यात्रेत वाढलेली. ती शांतपणे म्हणाली, “यात्रेत आबा माझ्या शेजारी हुभं राहत्यात. पालखी वळली, भंडारा उडाला, गजा नाचणारी वाकली, असं सांगत जात्यात. मला समदं दिसतं. मानकऱ्यांची नावं त्यांनी कवाच सांगितली न्हाईत.”

लालासाहेब दाराकडे पाहून म्हणाले, “नाथाजी, या. हितं बसा.”

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे. ज्यांना अक्षर येत नव्हते ते नाथाजी माझे चित्र अन् चित्र पाहून सांगत आणि लालासाहेब लिहून घेत. रानात मैलभरावरची मेंढी ओळखणाऱ्या त्या नजरेतून काही सुटत नव्हते. वृक्षारोपणाचे चित्र पाहून ते म्हणाले, “कडुलिंबाचं रोप हाय. सात-आठ जणांनी त्याला हात लावलाय. पर एकाचं बी ध्यान रोपाकडं न्हाई, समदी फोटोवाल्याकडं बगत्यात.” लालासाहेबांनी शेवटचे वाक्य लिहावे की नाही याचा थोडा विचार केला आणि लिहिले: ‘सर्वांची दृष्टी छायाचित्रकाराकडे आहे.’ नावे त्यांनी खाली वेगळी दिली, क्रम न मोडता. माथ्यावरच्या घाटाच्या चित्राशी नाथाजी आले आणि थबकले. “ही आपली न्हवं,” ते म्हणाले. “आपल्यात एवढं पाणी कुटलं?” दोन वर्षे सगळ्या डोळसांनी पाहिलेले ते चित्र त्या दुपारी उतरले.

सूचनेचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. लालासाहेब शिक्का सोडायला तयार नव्हते. उद्या कोणी अक्षर बदलले तर जबाबदार कोण, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटेही नव्हते. प्रांजलने त्यांना समजावले की माझ्यावरचा मजकूर बाहेरचा कोणी असा सहजी बदलू शकत नाही. बाहेर कोणी काही फिरवलेच, तर खरे काय ते माझ्याशी ताडून पाहता येईल. शिक्का जी हमी देतो ती माझ्या अधिकृत पत्त्यातच आहे. लालासाहेबांनी ते तीन वेळा ऐकले. मग त्यांनी सूचना जशी टंकलिखित केली होती तशी, अक्षरांतच, माझ्याकडे पाठवली. तळाशी एक ओळ घातली: ‘मूळ प्रतीवर सही व शिक्का आहे.’ खाली ते वाकडे चित्रही ठेवले. मी म्हणेन, ही तडजोड शहाणपणाची होती. जुन्या रीतीला खाली बसायला जागा दिली की ती नव्याची वाट अडवत नाही.

समीक्षाने ती सूचना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मुदतीच्या शेवटच्या दिवसाची दुपार झाली होती. पाच वाजता माझे दार बंद होणार होते. वाकड्या अक्षरांचे चित्र काढून प्रांजलने त्या जागी एक साधी बेरीज ठेवली होती. लालासाहेब म्हणाले, वेळ कमी आहे, तिचा अर्ज ते स्वतः भरून देतात.

“आज तुमी भराल, काका,” समीक्षा म्हणाली. “वर्सानं तुमी रिटायर व्हाल. मग गाळ्याचं परत्येक कागूद घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ?”

ती कार्यालयाच्या बाकावर बसली आणि भरू लागली. ऐकून भरायला वेळ लागतो. प्रत्येक रकाना आधी बोलतो, मग लिहायचे, मग लिहिलेले पुन्हा ऐकायचे. दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा क्रमांक ती दोनदा पडताळून पाहत होती, तेवढ्यात मी तिला बाहेर काढले. पाच मिनिटे हालचाल नसेल तर दार लावून घे, असे मला जन्मतःच शिकवलेले होते. तिने भरलेले सारे गेले. तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. नाथाजींनी एकदा तिच्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. प्रांजल तिथल्या तिथे माझ्या आत शिरली आणि तिने तो नियम सैल केला. समीक्षा पुन्हा पहिल्या रकान्यापासून निघाली. चार सेहेचाळीसला मी तिला अर्ज क्रमांक ऐकवला. दोन.

दोन का, हे तिनेच विचारले. लालासाहेबांनी सांगितले की सकाळीच एक अर्ज येऊन गेला होता. हंबीरराव, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. स्फोटात डोळ्यांना इजा होऊन त्यांची नजर मंदावली होती. पहिली सूचना त्यांनीही उघडली होती, पण मोठी करावी तशी ती काळ्या ठिपक्यांत विरघळत गेली. या वेळी अक्षरे हवी तेवढी मोठी झाली. त्यांना त्या जागी चहाचे दुकान काढायचे होते.

मला वाईट वाटले, हे कबूल करतो. मी सुधारलो नसतो तर हा दुसरा अर्ज आला नसता. समीक्षा मात्र म्हणाली, “म्हंजी गेल्या टायमाला आमी दोघं बी बाहेर हुतो,” आणि काठी घेऊन उठली.

गाळा एक, पात्र दोघे. सोडत निघाली. ती माझ्यावरून थेट दाखवली गेली, त्यामुळे मी तिचा साक्षीदार आहे. लालासाहेबांनी दोन चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत दोन नावे लिहिली आणि स्टीलचा डबा मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवला.

“घड्या घालायच्या आदी चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या,” समीक्षा म्हणाली. “हंबीरकाकांनी वाचाव्यात.”

मुख्याधिकारी काहीसे दुखावले. जो तिच्या विरुद्ध उभा, त्यानेच का, असे त्यांनी विचारले.

“म्हणूनच. माझं नाव चुकलं असलं तर फायदा त्यांचा हाय. त्यांनी हाय म्हटलं की हाय.”

गावगाड्यातल्या निवाड्यांत साक्ष अशीच विरुद्ध पक्षाकडून घेत. ज्याचे नुकसान होणार त्याच्याच तोंडून निघालेले सत्य सर्वांत भरवशाचे मानले जाई. त्या मुलीने हे कोणत्या पुस्तकातून घेतले नव्हते. हंबीररावांनी भिंग डोळ्याला लावून दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. घड्या पडल्या, डबा हलवला गेला. मुख्याधिकाऱ्यांनी एक चिठ्ठी काढली, उघडली, आणि कोणी न सांगता ती हंबीररावांच्या हाती दिली.

त्यांनी भिंग लावले. वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ ते चिठ्ठीकडे पाहत राहिले. मग हजेरी घेताना घेतात तशा स्वच्छ, चढ्या आवाजात म्हणाले, “समीक्षा नाथाजी गोरड.”

नाथाजी खाली बसले. समीक्षाचा हात बाकाच्या कडेवर होता, तो तिथेच घट्ट झाला. हंबीररावांनी चिठ्ठी तिच्या मुठीत ठेवली. “पोरी,” ते म्हणाले, “मसाला जहाल कर. मिळमिळीत निघाला तर मी फेरसोडत मागणार.”

“तुमच्या चहाला आमची गिऱ्हाइकं पाठवीन, काका. पुढच्या गाळ्याची नोटीस निघू दे.”

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेले. लालासाहेब निवृत्त झाले. जाताना त्यांनी नव्या लिपिकाला सारे समजावून सांगितले, कागदावर लिहूनही दिले. पण सवयी माणसांबरोबर निवृत्त होत नाहीत, त्या खुर्चीत बसून राहतात. नवा लिपिक घाईत असला की कागद काचेवर पालथा पडतो आणि माझ्या अंगावर पुन्हा एखादे मुके चित्र उमटते. एकदा दुरुस्त झालो म्हणजे कायमचा झालो, असे माझ्या बाबतीत होत नाही. रोज एखादी सूचना लागते, रोज मी कोणासाठी तरी उघडतो किंवा बंद होतो.

म्हणून तुम्हा वाचणाऱ्यांकडे एक मागणे आहे. तुमच्यापैकी कोणी कार्यालयात असेल, माझ्यासारख्या एखाद्याचा सांभाळ करत असेल, तर काही लावून झाल्यावर डोळे मिटून ते एकदा फोनकडून ऐकावे. दोन मिनिटे लागतात. ऐकताना जिथे तुम्ही अडखळाल, तिथे कोणीतरी आधीच अडून उभे असते.

आज सकाळी पाणी सोडण्याचे नवे वेळापत्रक लागले. सही होती, शिक्का होता आणि कागद डावीकडे कलला होता. दहा मिनिटांत गाळा क्रमांक चारवरून माझ्या तक्रारपानावर मजकूर आला: ‘पाण्याचं पत्रक मुकं हाय. टाइप करून टाका. गिऱ्हाइकं खोळंबली हायत.’ मसाल्याची गिऱ्हाइके पाण्याच्या पत्रकासाठी का खोळंबावीत, हे लिपिकाला कळेना. मला ठाऊक होते. धनगरवाड्याच्या, पेठेतल्या, खालच्या आळीच्या बाया एसटीतून उतरल्या की पिशव्या टेकवून तिच्याच गाळ्याच्या फळीशी थांबतात. त्यांच्या हातात फोन असतात, डोळेही चांगले असतात. पण मला बारकाईने ऐकणारे गावात एकच माणूस आहे, हे त्यांना माहीत झाले आहे.

लिपिकाने पत्रक टंकलिखित करून टाकले. फळीवरच्या फोनने ते हलक्या आवाजात वाचले. समीक्षाने मापाचा चमचा बाजूला ठेवला, मान थोडी कलती करून शेवटपर्यंत ऐकले आणि रांगेकडे तोंड करून सांगितले, “वरच्या आळीला उद्या सकाळी सहाला. खालच्या आळीला परवा. घागरी आजच घासून ठेवा.”